आधी बिल्टी दाखवा

हा अंक महिनाभर उशिरा निघतोय. कारण लपवत नाही. छापून बांधलेले गठ्ठे नागपूरला एका गोदामात पडून होते. जी गाडी दरवेळी आमचे गठ्ठे पुलगावला आणून टाकायची ती उभी होती. मंदी. गाडी उभी, ड्रायव्हर घरी, अंक गोदामात. शेवटी मीच गठ्ठे आणायला निघालो आणि गठ्ठ्यांबरोबर एक भांडण घेऊन आलो. ते तुमच्यापुढं टाकल्याशिवाय या पानावर दुसरं काही लिहिलं तर तो दांभिकपणा होईल.

भांडण दोघांचं आहे. दोघंही आपलेच. एक मोर्च्यात पुढं असणारा, लाठ्या खाल्लेला. महामंडळाचे उंबरे झिजवून थकला, मग फायनान्स कंपनीकडून कर्ज काढून त्यानं गाडी घेतली. एकाच्या तीन केल्या. दुसरा त्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर. आपल्याच वस्तीतला, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो असलेली गाडी दरवर्षी हाच चालवतो. नावं छापत नाही. नावं छापली की भांडण दोघांचंच राहतं, आणि बाकीचे आपण सगळे सुटतो.

ड्रायव्हर म्हणाला, "बावीस दिवस झाले, भाऊ. रोज फोन करतो. म्हनते, उद्या गाडी लागन. दुसऱ्याची गाडी पकडू का म्हनलं तं म्हनते, थांब, माल येऊन रायला. मालबी देत नाई, सोडतबी नाई. बसल्या दिवसाचा भत्ता मांगतला तं म्हनते, गाडी चालली नाई तं भत्ता कायचा?"

मालक म्हणाला, "मी काय नोटा छापतो काय? हप्ता चुकला का फायनान्सवाला रस्त्यात गाडी उभी करून चाबी घेते. विमा हाय, टॅक्स हाय, टायर हायेत. अन् याले ईच्यारा, मागच्या खेपेत डिझेल कुठं गेलं? तो हिशेब दे म्हना, मंग पगार मांग."

दोन दिवस मी दोघांच्या मध्ये बसलो. अड्ड्यावर चहा पिलो, काट्यावर चौकशी केली. बाहेर आलं ते असं. त्या बावीस दिवसांत तीनपैकी एक गाडी दोनदा माल घेऊन गेली होती. तिच्यावर कमी भत्त्यात दुसरा पोरगा बसवला होता. याला मात्र 'थांब, थांब' म्हणून धरून ठेवलं, कारण कापसाचा हंगाम लागला की हातचा ड्रायव्हर पाहिजे. हे मालकाचं खोटं. आणि मागच्या खेपेत ड्रायव्हरनं टाकीतलं डिझेल काढून धाब्यावर विकलं होतं. हे ड्रायव्हरचं खोटं.

आता तुम्ही म्हणाल, दोघंही चोर, मिटवा आणि सोडा. थांबा. इतक्या स्वस्तात सोडू नका.

मालकाची मंदी खोटी नाही, हे आधी कबूल करू. पावसाळा म्हणजे आपल्याकडच्या गाड्यांचा उपास. सोयाबीन दसरा-दिवाळीला निघतं, कापूस त्याच्या मागं. जिनिंग सुरू झाली की गठाणी, सरकी, ढेप. उन्हाळा सरला की अड्ड्यावर गाड्यांची रांग लागते आणि ताडपत्रीखाली माणसं पत्ते खेळतात. पुलगावात दुसरं काय उरलंय? कापड गिरणी बंद पडली. आर्वीला जाणारी छोटी रेल्वे बंद पडली. आमच्या वस्तीतल्या कितीतरी घरांत बाप गिरणीत होता आणि पोरगा स्टिअरिंगवर आहे. गाडी उभी राहिली तरी हप्ता, विमा, टॅक्स उभे राहत नाहीत. मालकाच्या छातीवर हे ओझं खरं आहे.

पण 'मंदीत सगळेच मरतात' हे धादांत खोटं. मंदी वरून खाली उतरते आणि प्रत्येक पायरीवरचा आपलं ओझं खालच्याच्या डोक्यावर ठेवतो. वर माल पाठवणारी कंपनी. तिच्या खाली वर्षाचा करार केलेला मोठा ट्रान्सपोर्टर. मग दलाल. मग एक-दोन गाड्यांचा मालक. मग ड्रायव्हर. सगळ्यांत खाली क्लीनर, ज्याला कुणी मोजतच नाही. समजा कंपनी त्या मोठ्या ट्रान्सपोर्टरला एका खेपेचे 60,000 देते. हंगामात गाड्या मिळत नाहीत, तेव्हा तो गाडीवाल्याला 52,000 देतो. पावसाळ्यात वीस गाड्या दारात उभ्या असतात, तेव्हा तोच 44,000 वर आणतो. कंपनीकडून येणारे 60,000 तेवढेच. म्हणजे त्याचा गाळा 8,000 वरून 16,000 वर गेला. मंदीत त्याची कमाई दुप्पट झाली! आणि तोच तोंड पाडून सांगतो, मार्केट डाऊन आहे. बिल्टी बघायला मागा. पुष्कळदा भाड्याच्या रकान्यात आकडाच नसतो, 'बिल होईल' एवढंच लिहिलेलं असतं. आकडा वरच्या मजल्यावर राहतो. खाली फक्त मंदी येते.

वर शिल्लक रक्कम पोच आल्यावर, आणि पोच देऊनही महिना-दोन महिने चकरा. छोटा मालक तिथं गप्प बसतो, कारण पुढची खेप त्याच दलालाकडून घ्यायची असते. वरच्यासमोर शेपूट घालून आलेला हा माणूस घरी आल्यावर ड्रायव्हरवर भुंकतो. आपल्या मित्राचं हेच झालं. त्याला लुटणाऱ्याला तो 'सेठजी' म्हणतो आणि ज्याला तो लुटतो तो ह्याला 'दादा' म्हणतो.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. माझा बाप ड्रायव्हर होता. अंगठेबहाद्दर. घरात अडचण आली की शेठकडून उचल आणायचा. किती आणली ते शेठच्या लाल वहीत लिहिलेलं आणि बापाच्या डोक्यात. दोन्ही आकडे कधी जुळले नाहीत. मी चौथीत होतो तेव्हा एका पावसाळ्यात बाप मला गादीवर घेऊन गेला. म्हणाला, "पोराले वाचता येते, वही दाखवा." शेठनं वही मिटली. रागावला नाही, ओरडला नाही. हसला आणि म्हणाला, "विश्वास नाही का तुझा?" बाप चपापला. माझा हात धरून खाली उतरला. पायऱ्या उतरताना त्याच्या हाताला घाम होता तो मला अजून आठवतो. ती वही मी आयुष्यात वाचली नाही.

त्याच बापाच्या कपड्यांना डिझेलचा वास यायचा. नुसता गाडीचा नव्हे. घरात कोपऱ्यात एक डबा असायचा, त्याच्यावर पोतं टाकलेलं. माय एकदा बोलली तर तो म्हणाला, "शेठ पेनानं चोरते, मी नळीनं. नळीचा वास येते, पेनाचा येत नाई."

मित्रांनो, सगळं भांडण त्या वाक्यात आहे. ड्रायव्हरची चोरी लिटरमध्ये मोजता येते. तिच्यासाठी पोलीस आहेत, मार आहे, 'ही जातच तसली' हे वाक्य तयार आहे. मालकाची चोरी हिशेब नावाच्या वहीत बसते. तिला चोरी म्हणत नाहीत, तिला 'नंतर बघू' म्हणतात. म्हणून दोन्ही खोटी सारखी नाहीत. ज्याच्या हातात वही, त्याची जबाबदारी पहिली. आधी वही उघडा, मग डब्याचं विचारा.

तरी मी बापाची बाजू सगळी घेणार नाही. त्याच्या डब्यानं शेठचं काही वाकडं झालं नाही. झालं ते एवढंच, की 'तुझा हिशेब दे' म्हणायला शेठला जन्मभराचं निमित्त मिळालं. बापानं हक्काचा पगार कधी ताठ मानेनं मागितला नाही. मागणार कसा? कोपऱ्यात डबा होता. नळीनं काढलेलं डिझेल शेठच्या टाकीतलं असतं, पण रिकामी होते ती आपली छाती. आणि बाप गेल्यावर त्या गाडीवर जो बसला, त्याला पहिल्या दिवसापासून चोर समजूनच वागवलं. माझ्या बापाचं कर्ज त्यानं फेडलं.

मंदीत माणूस 'नाही' म्हणू शकत नाही, हे सगळ्यांत वाईट. बावीस दिवस बसलेल्या ड्रायव्हरला तेविसाव्या दिवशी घासलेल्या टायरची, पासिंगपेक्षा जास्त भरलेली गाडी दिली तर तो नेतो. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 दंड आहे. तो दंड मालक भरतोही. पण उतारावर ब्रेक लागला नाही तर केबिनमध्ये मालक नसतो. पुलगावला हे शिकवायला नको. 20 नोव्हेंबर 2018 ला इथल्या दारूगोळा भांडाराच्या सोनेगावच्या मैदानात जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला. 6 माणसं मेली. त्यांत आसपासच्या खेड्यांतले, ठेक्यावर रोजीनं गेलेले मजूर होते. घरात चूल थंड असली की माणूस ओझ्यात काय आहे हे विचारत नाही, उचलतो. आपल्या गावात भूक अशी सही करते.

कायदा काय म्हणतो? 1961 साली मोटार परिवहन कामगार कायदा झाला. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास. पण 5 किंवा जास्त कामगार असतील तिथंच लागू. आपल्या भागात एक-दोन-तीन गाड्यांचे मालक, म्हणजे ड्रायव्हर बाहेरच. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा जाऊन नव्या श्रमसंहिता आल्या. कामाच्या तासांच्या आणि सुरक्षेच्या संहितेत मर्यादा 5 वरून 10 वर नेली. म्हणजे दार आणखी अरुंद केलं! एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा. 2019 च्या वेतन संहितेत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यायचा आहे आणि कपात कितीही असली तरी पगाराच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही. हे एका गाडीच्या मालकालाही लागू आहे. अड्ड्यावर किती जणांना माहीत आहे? मी विचारलं. एकालाही नाही.

आणि हमालाकडं बघा. त्याच गाडीत पोतं भरणारा हमाल. 1969 मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, तो लढून मिळवलेला. जिथं माथाडी मंडळ आहे तिथं मालकानं मजुरी आणि लेव्ही मंडळात भरायची, मंडळानं हमालाला द्यायची. मध्ये वही आहे, आणि ती मालकाच्या गादीखाली नाही. पोतं गाडीत चढवणाऱ्याला मंडळ मिळालं. तेच पोतं हजार किलोमीटर नेणाऱ्याला काय मिळालं? 'उद्या लागन.'

बाबासाहेबांनी 12-13 फेब्रुवारी 1938 ला मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद घेतली. आपल्या पुलगाव स्टेशनावरून जाते तीच जीआयपी. तिथं त्यांनी सांगितलं की अस्पृश्याला पोर्टर म्हणूनही घेत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं. आणि सांगितलं की कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हे दोन शत्रू आपल्याला तोंडपाठ आहेत, भिंतीवर लिहून झालेत. पण त्याच भाषणातलं पुढचं आपण सोयीनं गाळतो. ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची सत्ता एवढाच त्यांचा अर्थ नव्हता. स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणं म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती सगळ्या वर्गांत शिरलेली आहे, असं ते म्हणाले होते. सगळ्या. म्हणजे तीन गाड्यांच्या आपल्या मालकातही. ड्रायव्हर गादीच्या पायरीवर उभा, आणि आतून 'थांब' असा आवाज येतो. त्या आवाजाला आता 'जयभीम' म्हणता येतं, एवढाच फरक पडला असेल तर आपण काय मिळवलं? जयभीम म्हणून पगार बुडवता येत नाही. तसंच जयभीम म्हणून डिझेलही काढता येत नाही.

एकटा ड्रायव्हर विचारेल तर त्याला हाकलतील. म्हणून एकटा विचारू नका. जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत नव्या न्याय संहितेतल्या 10 वर्षांच्या शिक्षेच्या कलमाविरुद्ध ड्रायव्हर गाडीखाली उतरले. दोन दिवसांत पेट्रोल पंपांपुढं शहरंच्या शहरं रांगेत उभी राहिली. पुढं 1 जुलैला संहिता लागू झाली तेव्हा 106 मधलं ते पोटकलम बाजूला ठेवावं लागलं. त्याच्या आधी, 2023 मध्ये, जर्मनीत ग्रेफेनहाउझेनच्या हायवे थांब्यावर जॉर्जिया, उझबेकिस्तानच्या ड्रायव्हरांनी गाड्या लावल्या. मालक पोलंडमधला, पैसे थकलेले. माल भरलेला, आणि चाबी ड्रायव्हरच्या हातात. पैसे मिळेपर्यंत गाडी हलणार नाही म्हणाले. हप्त्यांवर हप्ते केबिनमध्ये काढले. पैसे घेऊनच उठले. त्यांची भाषा एक नव्हती, देश एक नव्हता. थकलेला पगार एक होता. आपण तर एका वस्तीत राहतो, एका नळावर पाणी भरतो.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. मालकानं मंदी असेल तर मंदी सांगावी. खेप नाही तर नाही म्हणावं, 'उद्या' म्हणून माणूस बांधून ठेवू नये. बांधून ठेवलं तर बसल्या दिवसाचा भत्ता द्यावा. ठरलेलं भाडं आणि उचल दोन वह्यांत लिहावी, एक वही ड्रायव्हरच्या खिशात. तीन गाड्या आणि दोन खेपा असतील तर पाळीनं द्याव्या, जो कमी मागेल त्याला नाही. ड्रायव्हरनं डिझेल, टोल, पंक्चर, पोलिसाला दिलेलं, सगळं त्याच दिवशी लिहावं. गाडी सोडायची असेल तर सांगून सोडावी, माल अर्ध्यात टाकून नाही. आणि दोघांनी मिळून त्या वरच्या माणसाला विचारावं : बिल्टी दाखव. कंपनीनं तुला किती दिले? आज हा प्रश्न मालक विचारत नाही कारण तो एकटा आहे, आणि ड्रायव्हर विचारत नाही कारण त्याला वाटतं चोर आपला मालकच आहे. दोघं एकमेकांची गचांडी धरून बसलेत. वरचा पंख्याखाली झोपलाय.

आता आमची स्वतःची वही. ती उघडली नाही तर वरचं सगळं फुकट आहे. आमचे गठ्ठे गेली काही वर्षं त्या मित्राच्या गाडीतून फुकट यायचे. आम्ही त्याला चळवळीची मदत म्हणायचो, आभार मानायचो. यावेळी ड्रायव्हरनं सांगितलं तेव्हा कळलं. गोदामात थांबायचा तो, गठ्ठे उतरवायचा तो, त्यासाठी वाट वाकडी करायचा तो. त्याचा एक पैसा कुणी दिला नाही आणि उशीर झाला म्हणून शिव्याही त्यानंच खाल्ल्या. शोषणाविरुद्ध लिहिलेला अंक एका माणसाच्या फुकट श्रमावर बसून तुमच्या हातात येत होता. आणि मी, ड्रायव्हरचा पोरगा, कधी विचारलं नाही. मित्राबद्दल कुरबुर कानावर आली होती तेव्हाही गप्प राहिलो. तो देणगी द्यायचा. माझीही वही मिटलेलीच होती.

शेवटी एका संध्याकाळी मी दोघांना समोरासमोर बसवलं. मित्रानं वही आणली. कुरकुरत, पण आणली. ड्रायव्हर बराच वेळ खाली बघत होता. मग बोलला, "पस्तीस लिटर काढलं. लेकराच्या फीसाठी." लिहिलं. मग बसलेले दिवस लिहिले. डिझेल वजा केलं. तरी मालकाकडून ड्रायव्हरला घेणं निघालं. मित्रानं अर्धे दिले, अर्धे गाडी लागल्यावर देतो म्हणाला, आणि उठताना मला म्हणाला, "तू माह्या घरात भांडन लावलं." या अंकाला त्याची देणगी नाही. उरलेले अर्धे अजून आलेले नाहीत. आले की पुढच्या अंकात सांगू. नाही आले तरी सांगू.

या अंकाचे गठ्ठे भाडं भरून आणले. बिल्टी फाडून घेतली, भाड्याच्या रकान्यात आकडा लिहून घेतला. उतरवणाऱ्याला उतराई दिली. त्यामुळं यावेळी चार पानं कमी आहेत. ज्याला पूर्ण जमाखर्च बघायचा असेल त्यानं खुशाल यावं. वही टेबलावर उघडी आहे, आणि ज्याला वाचता येत नाही त्यानं आपलं पोरगं घेऊन यावं. आम्ही हसणार नाही.

जयभीम.